जुन्या रेसिंग गाड्या आणि त्यांच्यात रमलेली माणसं: नवख्या फोटोग्राफरसाठी

व्हिंटेज रेसला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलेला माणूस बहुतेक वेळा कठड्याला चिकटतो, लांब लेन्स लावतो आणि संध्याकाळी शेकडो फोटो घेऊन घरी येतो. सगळ्या गाड्या लख्ख आणि स्पष्ट. पण आठवड्याभराने बघायला बसलं तर त्यातली कुठली कुठली, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. असे फोटो आधीच ढिगाने पडलेत.

या खेळाकडे कॅमेरा घेऊन वळावं ते दुसऱ्याच कारणासाठी. आजच्या रेसिंग कारमध्ये ड्रायव्हर हेल्मेटात आणि हेल्मेट गाडीत बुडालेलं असतं. १९२०च्या दशकातल्या गाडीत तो छातीपासून वर उघड्यावर बसलेला असतो: कोपर पत्र्याच्या बाहेर, हात भल्यामोठ्या स्टिअरिंगवर, तोंडावर वारा आणि तेलाचे शिंतोडे. वळणावर गाडी काय करतेय ते त्याच्या खांद्यांवरून कळतं. आणि गाडी धावत नसते तेव्हा, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ, तो बॉनेट उघडून तिच्यात डोकं घालून उभा असतो. हा लेख त्या माणसांचे फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. कॅमेऱ्याची बटणं ओळखीची आहेत, एवढं गृहीत धरलंय.

जाण्याआधी दोन गोष्टी वाचून जा

जुनी दिसली की ‘व्हिंटेज’ म्हणायची आपल्याला सवय असते. या मंडळींसमोर ती चालत नाही. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबच्या हिशेबाने १९१९ ते १९३० अखेरपर्यंत बनलेली गाडी ती व्हिंटेज. त्याआधीची एडवर्डियन. १९३१ नंतरच्या निवडक गाड्यांचा वर्ग आणखी वेगळा. १९३४च्या गाडीला मालकासमोर व्हिंटेज म्हणालात तर तो रागावणार नाही, पण पुढची पाच मिनिटं तुमचा वर्ग घेईल. (तेव्हा चेहरा चांगला खुलतो, हेही खरं. पण ही युक्ती मुद्दाम वापरू नका.)

दुसरी गोष्ट रंगांची. त्या काळात रेसिंग गाड्यांना देशाप्रमाणे रंग असत: ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, जर्मनीचा आधी पांढरा आणि पुढे चंदेरी. फ्रेंच बनावटीची बुगाटी निळी का, हे माहीत असलं की नंतर एडिटिंगला बसल्यावर सगळ्याला तपकिरी रंग फासायचा मोह आपोआप कमी होतो. जुनाट दिसावं म्हणून रंग काढून टाकणं म्हणजे गाडीवरची निम्मी माहिती पुसणं. कृष्णधवल करायचं असेल तर खुशाल करा, पण प्रकाश तसा असेल तेव्हा. गाडी जुनी आहे एवढं कारण पुरेसं नाही.

पहिली रेस कुठली निवडावी

सर्किटवरच्या शर्यतीपासून सुरुवात करू नका. तिथे गाड्या घोळक्याने येतात, प्रेक्षक लांब असतात आणि नवख्याला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. हिलक्लाइंब बघा. चढाच्या अरुंद रस्त्यावर एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शला १९०५ पासून हे चालू आहे आणि अख्खा ट्रॅक १००० यार्डांचा, म्हणजे किलोमीटरपेक्षाही कमी. प्रेस्कॉटचा चढ बुगाटी ओनर्स क्लबचा. अशा ठिकाणी तीच गाडी दिवसभरात पुन्हा पुन्हा धावते, त्यामुळे सकाळी हुकलेला फोटो दुपारी परत काढता येतो. आणि एक चढ झाला की ड्रायव्हर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आणि दुरुस्त करायच्या आवारात परततो, हातात चहा आणि बोलायला भरपूर वेळ.

त्याहून सोपी, आणि नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटणारी स्पर्धा म्हणजे ट्रायल. इथे वेगाचं काम नाही. चिखलाच्या, दगडांच्या चढावर गाडी न थांबता किती वर जाते एवढंच मोजतात. मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून सोबतचे लोक सीटवर अक्षरशः उड्या मारतात. चेहऱ्यांसाठी याच्यासारखी जागा नाही. गाडी माणसाच्या चालीने येत असते आणि आतली चौघंही तोंड उघडून ओरडत असतात. १/२५० शटर पुरतो.

इंग्लंडमधलं गुडवुड रिव्हायव्हल हा वेगळाच प्रकार. गुडवुडचं सर्किट १९४८ ते १९६६ या काळात चाललं, आणि १९९८ पासून तिथे त्याच काळाचे कपडे घालून लोक जमतात. इटलीतल्या मिले मिलियाची मूळ शर्यत १९२७ ते १९५७ झाली. आज त्याच नावाने ब्रेशा ते रोम आणि परत अशी जुन्या गाड्यांची फेरी निघते आणि रस्त्याकडेला उभं राहूनही ती बघता येते. दोन्हीकडे जरूर जा, पण नंतर. तिथे बघण्यासारखं इतकं असतं की नवख्याचं एका माणसावर लक्ष टिकत नाही.

बॅगेत काय

पॅडॉकसाठी ३५ किंवा ५० मिमीची एक लेन्स, ट्रॅकसाठी ७०-२०० सारखी झूम. बस. याहून जास्त सामान नेलंत तर लेन्स बदलण्यातच दिवस जाईल. एक एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच, मात्र ठेवा. कशाला ते पुढे येईल. पोलरायझर रंगावरची आणि काचेवरची चमक कमी करतो, पण उघड्या ॲल्युमिनियमवर आणि क्रोमवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण धातूवरून परतलेला उजेड तसा गाळता येत नाही. चकचकीत धातूवर एकच उपाय: आपण जागा बदलायची.

पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, गळ्यातलं ओळखपत्र यांच्याकडे लक्ष असू द्या. बॉनेटवर वाकून फोटो काढताना बक्कल पत्र्यावर घासलं की त्या पॅडॉकमध्ये तुमचं काम संपलं. बॅग मडगार्डवर ठेवणं हाही तसलाच गुन्हा.

पॅडॉक

सकाळी लवकर पोचा. ट्रेलरवरून गाड्या उतरत असतात, तपासणीची रांग लागलेली असते, आणि कुणाच्या तरी गाडीने नेमकं आजच रुसायचं ठरवलेलं असतं. त्या गाडीपाशी जा. जी गाडी नीट चाललीय तिचा मालक गप्पा मारत हिंडत असतो. जी चालत नाही तिच्याभोवती चार जण जमतात आणि त्यांतले दोघं अनोळखी असतात, पाना द्यायला आलेले. हा शौक कशावर चालतो ते तिथे दिसतं.

लगेच कॅमेरा वर करू नका. थोडा वेळ उभं राहा, लोकांना तुमची सवय होऊ द्या. बोलायला सुरुवात करायची तर किंमत आणि टॉप स्पीड हे दोन प्रश्न टाळा. दिवसभर येणारे-जाणारे तेच विचारत असतात आणि उत्तरं पाठ झालेली असतात. त्यापेक्षा, “आज काय कुरकुर चाललीय हिची?” असं विचारा. हा प्रश्न आला की माणूस तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलायला लागतो. बोट कार्ब्युरेटरकडे जातं, तळवा एखाद्या नळीवरून फिरतो, चेहरा इंजिनाकडे झुकतो. आता फोटो काढा. गाडीला टेकून, हाताची घडी घालून काढलेला मालकाचा फोटो प्रत्येकाच्या घरी आधीच असतो.

एक वेळ मात्र पूर्ण सोडून द्यायची. कुणी डोळे मिटून किंवा मान कलती करून चालू इंजिनाचा आवाज ऐकत असेल तर मध्ये बोलू नका. फोटो लांबून काढा. आणि गाडी स्टार्ट लाइनकडे निघाली की ड्रायव्हरशी एक शब्दही नाही.

स्पार्क प्लग बदलण्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. जुन्या रेसिंग इंजिनांत बरेचदा गरम व्हायला एक प्लग आणि धावायला दुसरे, असे दोन संच वापरतात. इंजिन तापलं की पहिले काढून फडक्यावर ओळीने मांडतात, सिलिंडरच्या क्रमानेच, म्हणजे कुठल्याची तक्रार आहे ते कळतं. मग एकेक उचलून उजेडात धरतात. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट पडलं असेल तर कमी. तळहातावर प्लग, नखात काळं वंगण, चष्मा कपाळावर सरकवलेला: अर्ध्या मीटरवरून, एफ/४च्या आसपास, फोकस प्लगच्या टोकावर. चेहरा थोडा अस्पष्ट झाला तरी चालेल. माणूस काय वाचतोय ते महत्त्वाचं.

मालक म्हणजे सपाट टोपी घातलेला म्हातारा, हे चित्रही डोक्यातून काढा. १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या कलत्या ट्रॅकवर के पेट्री या ठेंगण्या बाईंनी साडेदहा लिटर इंजिनाची डेलाज ही रेसिंग कार ताशी १३४ मैलांहून जास्त वेगाने फिरवली होती. आजच्या पॅडॉकमध्येही जॅकखाली आडव्या झालेल्या मुली आणि आजोबांच्या गाडीचे ब्रेक जुळवणारी नातवंडं दिसतील. लहान मुलांचा फोटो काढण्याआधी आईवडिलांना विचारा, आणि फोटो कुठे टाकणार तेही सांगा.

गाडी सुरू होतानाचा क्रम पाठ करा

हा भाग सगळ्यात फायद्याचा, कारण काय होणार ते आधी कळलं तर आपण योग्य जागी उभे असतो.

आधी पेट्रोल. काही जुन्या रेसिंग गाड्यांत टाकीत हातपंपाने हवा भरून पेट्रोल पुढे ढकलावं लागतं. डॅशबोर्डवर दाब दाखवणारं छोटं घड्याळ असतं आणि कुणीतरी त्याच्याकडे बघत पंप मारत असतो. मोटरसायकल असेल तर कार्ब्युरेटरवरचं बटण दाबून धरतात, पेट्रोल ठिबकेपर्यंत. मग ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून इग्निशनचा दांडा मागे घेतात. हे राहून गेलं तर इंजिन सुरू करायला पुढून फिरवायचं हँडल उलटं फिरून मनगट मोडू शकतं. म्हणूनच हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवतात, पलीकडून गुंडाळत नाहीत. ती मूठ हा एक स्वतंत्र फोटो आहे.

मग एक-दोन सावकाश फेरे, सिलिंडरमध्ये मिश्रण ओढून घ्यायला. त्यानंतर स्विच, आणि एक जोराचा हिसका. हँडल मारणारा खालून वर ओढतो, म्हणजे त्याचा चेहरा वर येतानाच इंजिन पेटतं. तुम्ही समोर नको, रेडिएटरच्या एका बाजूला, तीन-चार मीटरवर, गुडघ्यावर बसून. फोटो पेटण्याच्या क्षणाचा नव्हे, त्यानंतरच्या सेकंदाचा घ्या: सगळे एकदम मागे सरकतात, कुणी हसतं, कुणी लगेच कान लावतं.

एक्झॉस्टच्या तोंडासमोर उभं राहू नका. १९११च्या फियाट एस ७६ ला चारच सिलिंडर आहेत, पण इंजिन २८ लिटरहून मोठं. ती दुरुस्त होऊन २०१५ मध्ये गुडवुडला धावली तेव्हा आखूड एक्झॉस्टमधून ज्वाळा बाहेर येत होत्या. अशा ज्वाळा भर उन्हात फोटोत उमटत नाहीत. गाडी सावलीत असेल किंवा मागे काळी झाडी असेल तरच दिसतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांजवळ आणखी जपून राहा. मिथेनॉलची आग दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही.

धावती गाडी

आता कठड्यापाशी. शटर १/१००० ठेवलात तर गाडी उभी केल्यासारखी दिसेल. हिशेब सोपा आहे. ७० सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदात साडेबारा फेरे घेतं. १/१००० सेकंदात ते जेमतेम साडेचार अंश फिरतं, म्हणजे तारांचे आरे एकेक मोजता येतात. १/१२५ ला ते सुमारे ३६ अंश फिरतं आणि आरे विरघळायला लागतात. १/६० ला ७५ अंशांच्या पुढे. म्हणून १/१२५ पासून सुरुवात करा आणि हात बसला की १/६०, मग १/३०.

पॅनिंगमध्ये, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना, हात फिरवायचे नाहीत, कमरेतून वळायचं. पाय आधीच गाडी जिथे टिपायची त्या दिशेला रोवा, मग अंग मागे वळवून गाडी येताना तिला धरा. कंटिन्युअस फोकस लावा आणि फोकसचा बिंदू ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवा, बॉनेटवर नको. हळू शटरला गाडीचं एकच टोक स्पष्ट येतं. ते डोकं असायला हवं. शटर दाबल्यावरही वळत राहा. लेन्समध्ये पॅनिंगसाठी स्थिरीकरणाचा वेगळा मोड असेल तर तो लावा. दहांतले आठ-नऊ फोटो फेकावे लागतील. ते सगळ्यांनाच लागतात.

कडक उन्हात १/३० ला आयएसओ १०० ठेवूनही ॲपर्चर एफ/२२ च्या पलीकडे जायला लागतं. चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरचे धुळीचे ठिपके उठून दिसतात. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर तेच ॲपर्चर एफ/१० वर आणतो.

इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो चित्र ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असते, म्हणून चाकं तिरकी, अंडाकृती येतात. गंमत म्हणजे या खेळाच्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक असाच आहे. विशी न गाठलेल्या जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच फोटोग्राफरने पहिल्या महायुद्धाआधी फ्रान्सच्या ग्रां प्रीत काढलेला. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट उभी सरकत होती आणि गाडीबरोबर फिरताना त्याचा हात किंचित मागे पडला. चाक पुढे झुकलं, प्रेक्षक मागे कलले. वेग त्याने असा दाखवला की आजही तो फोटो विसरता येत नाही. पण ते जमून आलेलं होतं. तुमच्या कॅमेऱ्यातला तसला दोष बहुतेक वेळा नुसताच दोष दिसेल.

सुरुवातीची रेषा विसरू नका. हिलक्लाइंबला गाडी मागे घसरू नये म्हणून मागच्या चाकामागे एक जण पाचर लावतो. तो वाकलेला, ड्रायव्हर समोर टक लावून बसलेला, इंजिन रेटतंय. गाडी हललेली नसते, त्यामुळे शटर हवा तेवढा हळू ठेवता येतो. सगळी थरथर फोटोत येते.

उभं कुठे राहायचं हे मार्शल, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा बघणारे लोक, ठरवतील, तुम्ही नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला फोटो सुंदर येतो आणि घसरलेली गाडीही तिथेच येते. ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ले मान्सच्या शर्यतीत अपघात होऊन ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. १९५७ मध्ये इटलीतल्या गुइदित्सोलोजवळ एक फेरारी रस्त्याबाहेर गेली, नऊ प्रेक्षक मेले आणि मिले मिलियाची मूळ शर्यत कायमची बंद पडली. कठडा ओलांडायचा नाही, ट्रॅककडे पाठ करायची नाही, आणि स्क्रीनवर फोटो बघायचा तो गाडी गेल्यावर.

त्याच १९५७च्या शर्यतीत फोटोग्राफर लुई क्लेमान्टास्की पीटर कॉलिन्सच्या फेरारीत नॅव्हिगेटर म्हणून बसले होते आणि शेजारच्या सीटवरून फोटो काढत होते. एवढं जवळ जायची संधी आपल्याला मिळणार नाही, पण फोटो कुणाचा काढायचा हे ठरवताना त्यांचं काम बघून घ्यावं.

परत आल्यावरची दोन मिनिटं

माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला फोटो इथे असतो आणि बहुतेक जण तेव्हा पुढच्या गाडीची वाट बघत कठड्यावरच थांबलेले असतात. ड्रायव्हर परततो, इंजिन बंद करतो आणि लगेच उतरत नाही. गॉगल वर सरकवतो. डोळ्यांभोवती दोन स्वच्छ वर्तुळं, बाकी चेहरा तेलाने आणि धुळीने माखलेला. हात अजून स्टिअरिंगवर. मग कुणीतरी वेळ सांगतं. ३५ मिमी लेन्स, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून, मागे पत्र्यावरचा आकडा. तोंड पुसायच्या आत.

नावं, आकडे आणि गॅरेज

कार्यक्रमपत्रिका विकत घ्या आणि जपून ठेवा. गाडीवरचा आकडा त्या दिवसापुरता असतो. पुढच्या वेळी तीच गाडी दुसऱ्या आकड्याने धावेल. मालक, ड्रायव्हर आणि मेकॅनिक हे तीन वेगळे लोक असू शकतात, म्हणून फोटोखाली लिहिण्याआधी विचारून घ्या. ‘मूळ गाडी’ असं स्वतःच्या मनाने लिहू नका. कित्येक गाड्या एकीची चासी (सांगाडा) आणि दुसरीचं इंजिन घालून बांधलेल्या ‘स्पेशल’ असतात. मालकाला त्याचा अभिमानच असतो, पण चुकीचं लिहिलेलं त्याला चालत नाही.

त्याला एक प्रिंट पाठवा, फाइलवर भागवू नका. मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि गाडीचं नाव. त्याच्या उत्तरात गॅरेजचं आमंत्रण येण्याची शक्यता बरीच असते. हिवाळ्यात शर्यती नसतात तेव्हा इंजिन सुटं होऊन टेबलावर पडलेलं असतं, तेव्हा जा. फ्लॅश नको, ट्रायपॉड न्या. खिडकीतला निळसर उजेड आणि छतावरचा पिवळा दिवा एकत्र आले की कातडीचा रंग बिघडतो, म्हणून दिवा बंद करता येईल का ते विचारा. तो काम करत असेल तर मात्र दिवा चालूच राहू द्या आणि व्हाइट बॅलन्स त्या दिव्याप्रमाणे लावा.